इवल्या जिवाचे वजन

घरात मूल जन्माला आल्याची वार्ता पोहोचली की आपल्याकडे दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, मुलगा की मुलगी? दुसरा, वजन किती? तीन किलोच्या आसपासचा आकडा कानी पडला की सारे निर्धास्त होतात. दीड-पावणेदोन किलो असे उत्तर आले की बोलणाऱ्यांचा आवाज खाली येतो. मूल जगेल ना, ही पहिली चिंता असते. ती ओसरली की दुसरी डोके वर काढते, आणि ती सहसा कोणी उघड बोलून दाखवीत नाही: मोठेपणी हे मूल इतरांसारखे शिकेल ना, त्याची बुद्धी तल्लख होईल ना?

हा दुसरा प्रश्न तसा अलीकडचा आहे. अशी मुले जगतच नव्हती तोवर त्यांच्या बुद्धीची चौकशी करण्याचे कारण कोणाला पडले नव्हते. माणसाने हा प्रश्न केव्हा विचारला, त्याची उत्तरे कशी बदलत गेली आणि त्यांतून आपल्या घरांनी व धर्मग्रामांनी काय घ्यावे, याचा मागोवा घेण्याचा हा प्रयत्न आहे.

तराजू येण्यापूर्वी

१६४२ साली, त्या वेळच्या इंग्लिश पंचांगाप्रमाणे नाताळच्या दिवशी, लिंकनशायरमधील वूल्सथॉर्प या खेड्यात एका विधवेच्या पोटी मुलगा जन्मला. बाप काही महिन्यांपूर्वीच वारला होता. मूल इतके लहान होते की ते जेमतेम लिटरभर मापाच्या भांड्यात मावले असते, असे त्याने स्वतःच पुढे उतारवयात सांगितले. मान खांद्यांवर सावरून धरण्यासाठी तिच्याभोवती उशीचा आधार द्यावा लागे. त्याच्यासाठी काही वस्तू आणण्यास दोन बायकांना शेजारच्या गावी धाडले, तर त्या वाटेतच बसून राहिल्या. आपण परत जाईपर्यंत मूल राहायचे नाही, मग घाई कशाला, असा त्यांचा हिशेब. ते मूल चौऱ्याऐंशी वर्षे जगले. त्याचे नाव आयझॅक न्यूटन.

न्यूटनची कथा धीर देणारी आहे यात संशय नाही. परंतु एका न्यूटनवरून नियम काढता येत नाही. त्या काळी इतक्या लहान जन्मलेल्या मुलांपैकी पुष्कळांचे नाव बाप्तिस्म्याच्या वहीमागोमाग दफनाच्या वहीत जात असे. ख्रिस्तसभेने सुइणींना तातडीच्या बाप्तिस्म्याचा विधी शिकवून ठेवला होता, तो याच कारणाने. धर्मगुरू येईपर्यंत थांबायला त्या जिवाजवळ वेळ नसे. इवल्या जिवासाठी समाजाच्या हाती तेव्हा एवढेच होते: आईची ऊब आणि आत्म्याची काळजी.

नवजात मुलांना काळजीपूर्वक तोलण्याची प्रथाही फार जुनी नाही. जर्मनीतील ग्यॉटिंगन येथील प्रसूतितज्ज्ञ योहान गेऑर्ग रोडरर यांनी १७५३ साली नवजात बालकांची वजने व लांबी पद्धतशीर मोजून प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून या विषयात अंदाजाची जागा आकड्यांनी घेतली. तरीही वजनाचा बुद्धीशी संबंध जोडला जाण्यास आणखी शंभर वर्षे जावी लागली.

लिटल आणि फ्रॉईड

१८६१ साली लंडनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या सभेपुढे डॉ. विल्यम जॉन लिटल यांनी एक निबंध वाचला. लिटल यांचे स्वतःचे एक पाऊल बालपणीच्या आजाराने वाकडे झाले होते. अपंग मुलांवर उपचार करण्यातच त्यांचे आयुष्य गेले. हातपाय ताठ झालेली, उशिरा चालणारी, बोलण्यात अडखळणारी, काही वेळा बुद्धीनेही मागे राहिलेली मुले त्यांनी मोठ्या संख्येने पाहिली होती. या मुलांच्या जन्माची कथा विचारता त्यांना वारंवार तीच कारणे आढळली: अवघड बाळंतपण, दिवस भरण्याआधीचा जन्म, किंवा जन्मताच श्वास कोंडणे. जन्माच्या घडीचे दुखणे आयुष्यभर मेंदूत राहू शकते, हे लिटल यांनी ठामपणे मांडले. पुढे कित्येक वर्षे त्या व्याधीला 'लिटलचा आजार' असेच नाव होते.

छत्तीस वर्षांनी, १८९७ साली, व्हिएन्नाच्या एका मज्जातंतुतज्ज्ञाने याला हरकत घेतली. मनोविश्लेषणामुळे पुढे जगभर गाजलेले सिग्मंड फ्रॉईड ते हेच. त्यांचे म्हणणे असे, की अवघड किंवा अकाली जन्म हे प्रत्येक वेळी मूळ कारण असेलच असे नाही. गर्भातच काहीतरी बिघडलेले असेल आणि अकाली जन्म हे त्या बिघाडाचेच एक लक्षण असेल.

हा वाद वरवर विद्वानांचा वाटतो, पण या सबंध विषयाची किल्ली त्यातच आहे. मूल लहान जन्मले म्हणून मेंदूला अपाय झाला, की ज्या कारणाने मूल लहान जन्मले त्याच कारणाने मेंदूलाही झळ पोहोचली? काटा फक्त वजन दाखवितो. ते वजन कमी का झाले, हे तो सांगत नाही.

पेटी आणि आई

दरम्यान पॅरिसमध्ये एक निराळीच घडामोड चालली होती. तेथील मातेर्निते हे प्रसूतिगृह पोर्ट-रॉयलच्या जुन्या मठाच्या वास्तूत होते. जेथे पूर्वी धर्मभगिनींच्या प्रार्थना चालत, तेथे शहरातील गोरगरीब बायका बाळंत होत. तेथील प्रमुख डॉ. स्तेफान तार्निए यांनी प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबविण्याचे यंत्र पाहिले आणि तशीच ऊब देणारी पेटी मुलांसाठी बनवून घेतली. १८८० नंतरच्या त्या पहिल्या वर्षांत दोन किलोंहून कमी वजनाच्या मुलांचा मृत्युदर ६६ टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर आल्याची नोंद आहे. 'बाळाला पेटीत ठेवले आहे' हे आपण आज इस्पितळाच्या दारात ऐकतो, त्या वाक्याचा उगम तेथे आहे.

तार्निए यांचे शिष्य पियेर ब्युदँ यांनी गुरूच्या कामात एक महत्त्वाची भर घातली. अशा मुलाला ऊब, दूध आणि रोगापासून राखण, या तीन गोष्टी लागतात असे ते शिकवीत. मूल पेटीत आणि आई घरी, अशी ताटातूट झाली तर आईचे दूध आटते आणि मायाही पातळ होते, हे त्यांनी ओळखले. म्हणून आईने पेटीजवळ यावे, दूध पाजावे, असा त्यांचा आग्रह होता. १९०० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात हा विचार विस्ताराने आला आहे.

अमेरिकेत मात्र पेटीला जत्रेची वाट धरावी लागली. मार्टिन कूनी नावाच्या गृहस्थांनी न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड या करमणुकीच्या ठिकाणी १९०३ पासून १९४३ पर्यंत पेट्यांतील जिवंत मुलांचे प्रदर्शन मांडले. तिकीट लोकांकडून घेत. मुलांच्या आईबापांकडून छदाम घेत नसत. त्यांनी सुमारे साडेसहा हजार मुले वाचविली असे मानले जाते. इस्पितळांनी जी मुले जगणार नाहीत म्हणून सोडून दिली, ती पाळण्यांच्या आणि झोपाळ्यांच्या गोंगाटात वाढली, हे आधुनिक वैद्यकाला फारसे भूषणावह नाही.

त्यानंतर विज्ञानाने उलट टोक गाठले. १९४० च्या दशकात या मुलांना मोकळ्या हाताने प्राणवायू दिला जाऊ लागला आणि जगभर सुमारे दहा हजार मुले आंधळी झाली. दोष अतिरिक्त प्राणवायूचा आहे, हे ऑस्ट्रेलियातील डॉ. केट कॅम्पबेल यांनी १९५१ साली दाखविले आणि पुढे अमेरिकेतील मोठ्या चाचणीने ते सिद्ध केले. मग प्राणवायू इतका आवळला गेला की मृत्यू आणि मेंदूची इजा या दोन्ही गोष्टी वाढल्या. चांगल्या हेतूनेही हानी होऊ शकते, आणि म्हणून मूल इस्पितळातून घरी गेल्यावरही वर्षानुवर्षे त्याची विचारपूस ठेवली पाहिजे, हा धडा डॉक्टरांनी येथे घेतला.

९ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिकेचे कॅथलिक राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचा पुत्र पॅट्रिक जन्मानंतर अवघ्या दोन दिवसांत वारला. तो साडेपाच आठवडे आधी जन्मला होता, वजन सुमारे २.१ किलो होते आणि त्याची फुप्फुसे पिकलेली नव्हती. इस्पितळातच त्याला बाप्तिस्मा देण्यात आला होता. जगातील सर्वांत बलाढ्य पित्याची सत्ता त्या दोन किलोंच्या जिवापुढे निरुपाय ठरली. त्या मृत्यूने नवजात शिशूंच्या संशोधनाकडे साऱ्या जगाचे लक्ष वळले. गर्भवतीला योग्य वेळी औषध देऊन बाळाची फुप्फुसे लवकर पिकविता येतात, हे न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी या डॉक्टरांनी १९७२ साली दाखवून दिले. आज पॅट्रिकइतक्या वजनाची बहुसंख्य मुले चांगल्या इस्पितळात जगतात. मूल जगू लागले, आणि मग बुद्धीचा प्रश्न खऱ्या अर्थाने ऐरणीवर आला.

अडीच किलोची रेघ

कोणत्या मुलाला लहान म्हणावे? फिनलंडचे बालरोगतज्ज्ञ आर्वो इल्प्यो यांनी १९१९ साली २,५०० ग्रॅमची रेघ मारली, आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेनेही ती स्वीकारली. त्या रेघेखालच्या सर्व मुलांना आरंभी 'अकाली जन्मलेली' असेच म्हटले जाई. १९६१ साली ते नाव बदलून 'कमी जन्मवजनाची' असे करण्यात आले, कारण तोवर एक गोष्ट ध्यानी आली होती. सर्वच लहान मुले अकाली जन्मलेली नसतात. काही सातव्या-आठव्या महिन्यात जन्मतात म्हणून लहान असतात. काही मात्र नऊ महिने पुरे होऊनही गर्भातच उपाशी राहिल्याने लहान असतात. १९६३ साली अमेरिकेतील डॉ. लुला लुबचेंको यांनी गर्भाच्या वाढीचे आलेख प्रसिद्ध केल्यावर हा भेद करणे सोपे झाले.

मेंदूच्या दृष्टीने हा भेद मोलाचा आहे. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत मेंदू झपाट्याने वाढतो. सहाव्या महिन्यात त्याचा पृष्ठभाग जवळजवळ गुळगुळीत असतो. नवव्या महिन्यापर्यंत त्यावर अक्रोडासारख्या वळ्या पडतात. ३४ आठवड्यांच्या सुमारास मेंदूचे वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूच्या दोन-तृतीयांशच असते. मेंदूच्या एका भागातून दुसऱ्या भागाकडे निरोप नेणाऱ्या तंतूंवर आवरण चढविणाऱ्या पेशी याच काळात तयार होत असतात, आणि त्या अतिशय नाजूक असतात. आत खोलवर असलेल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीही पातळ असतात. अकाली जन्मलेल्या मुलाला हे सारे काम गर्भाच्या उबेत न होता यंत्रांच्या, सुयांच्या आणि झगझगीत दिव्यांच्या सहवासात पुरे करावे लागते.

पूर्ण दिवसांच्या पण अशक्त बाळाची गोष्ट निराळी. वारेतून पुरेसे पोषण येत नाही असे होताच त्याचे शरीर आतड्यांचा आणि हातापायांचा वाटा कमी करून मेंदूकडे अधिक रक्त वळविते. घरात एकच भाकरी उरली असता आईने ती लेकराच्या ताटात वाढावी, तसेच हे आहे. पण ही व्यवस्था काही मर्यादेपर्यंतच पुरते. आणि ज्या बाळाच्या वाट्याला दोन्ही गोष्टी आल्या, म्हणजे गर्भातही उपासमार झाली आणि जन्मही आधी झाला, त्याला सर्वांत अधिक जपावे लागते.

हॉलंडचा भुकेचा हिवाळा

गर्भातील उपासमारीचा बुद्धीवर काय परिणाम होतो, हे प्रयोग करून पाहणे हा अपराधच ठरला असता. दुर्दैवाने युद्धाने तो प्रयोग केला. सप्टेंबर १९४४ मध्ये दोस्त सैन्य हॉलंडमध्ये शिरले. त्याला साहाय्य म्हणून लंडनमधील डच सरकारने रेल्वे कामगारांना संपाचे आवाहन केले. जर्मन सत्तेने सूड म्हणून पश्चिमेकडील शहरांची अन्नाची वाहतूक रोखली. पुढे जलमार्गाने थोडी सूट मिळाली, तोच कडाक्याच्या थंडीने कालवे गोठले. ॲम्स्टरडॅम, रॉटरडॅम, हेग यांसारख्या सुखवस्तू शहरांत माणशी शिधा नोव्हेंबरअखेर १,००० कॅलरींच्या खाली आणि पुढे त्याच्याही निम्म्यापर्यंत घसरला. लोकांनी साखरेचे बीट आणि ट्यूलिपचे कंद शिजवून खाल्ले. सुमारे वीस हजार माणसे दगावली. मे १९४५ मध्ये मुक्तता झाली आणि अन्न परत आले.

या दुष्काळाला आरंभ आणि शेवट होता, आणि त्याला सीमारेषाही होती. नॉर्थ ब्राबांट आणि लिम्बर्ग हे कॅथलिक वस्तीचे दक्षिणेकडील प्रांत बहुतांशी आधीच मुक्त झाले होते. तेथे ही उपासमार नव्हती. शिवाय डच लोकांच्या जन्मनोंदी चोख होत्या. कोणते मूल गर्भाच्या कोणत्या महिन्यात उपाशी होते, हे त्यामुळे तारखेनिशी सांगता येत होते. अखेरचे तीन महिने भुकेत काढलेल्या आयांची मुले सरासरीने पाव किलोच्या वर हलकी भरली.

दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदी राजवटीत न रमता देश सोडून गेलेले झीना स्टाइन आणि मर्विन सूसर हे डॉक्टर दांपत्य न्यूयॉर्कमध्ये काम करीत होते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या मुलांचा माग काढला. हॉलंडमध्ये एकोणिसाव्या वर्षी प्रत्येक तरुणाची लष्करभरतीसाठी तपासणी होई आणि बुद्धिमापनाची चाचणीही घेतली जाई. अशा सव्वा लाख तरुणांच्या नोंदी तपासून त्यांनी १९७२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. गर्भात उपाशी राहिलेल्या आणि न राहिलेल्या तरुणांच्या बुद्ध्यंकात काही फरक आढळला नाही. हलके जन्मलेले ते मुलगे एकोणिसाव्या वर्षी इतरांइतकेच हुशार होते.

साऱ्यांनाच याचे आश्चर्य वाटले. मात्र त्या निष्कर्षामागच्या अटी विसरता येत नाहीत. त्या आया दुष्काळापूर्वी चांगल्या पोसलेल्या होत्या. उपासमार काही महिन्यांची होती. जन्मानंतर मुलांना दूध, शाळा आणि स्थिर घर मिळाले. जी मुले दगावली ती चाचणीला येऊच शकली नाहीत. आणि चाचणी फक्त मुलग्यांची झाली.

गोष्ट येथेच संपली नाही. जी मुले भर दुष्काळात गर्भात रुजली, त्यांच्या आयांना पुढच्या महिन्यांत पुरेसे अन्न मिळाल्याने त्यांचे जन्मवजन ठीक होते. काट्याने त्यांच्याविषयी काहीच तक्रार केली नव्हती. परंतु मोठेपणी त्यांच्यात स्किझोफ्रेनिया या मनोविकाराचे प्रमाण जवळजवळ दुप्पट आढळले. पन्नाशी उलटल्यानंतर अवधान एकाग्र करण्याच्या कसोटीत, गर्भारपणाच्या आरंभी उपासमार भोगलेली माणसे मागे पडल्याचे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

म्हणजे ज्यांचे वजन घटले ते तरुणपणी बुद्धीने सावरले, आणि ज्यांचे वजन ठीक होते त्यांच्यापैकी काहींना आतली इजा झालेली होती. फ्रॉईड यांनी घेतलेली शंका येथे पुन्हा आठवते. काट्याचा आकडा महत्त्वाचा आहे, पण तो पुरी कथा सांगत नाही.

पुण्याची नोंदवही

हॉलंडची भूक सात महिन्यांची होती. आपल्याकडील अनेक मातांची भूक त्यांच्या स्वतःच्या जन्मापासूनची असते. म्हणून हॉलंडचा दिलासा जसाच्या तसा आपल्याला लागू पडत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ज्या बालकांच्या वजनाची नोंद होती, त्यांपैकी सुमारे १८ टक्के अडीच किलोच्या खाली होती. आपल्या मुलांचे पुढे काय होते, हे पाहण्याचे काम महाराष्ट्रातच झाले आहे याचा आपल्याला अभिमान वाटावा.

पुण्याच्या के. ई. एम. इस्पितळात १९८७ ते १९८९ या काळात नवजात शिशुविभागातून घरी गेलेल्या, दोन किलोंहून कमी वजनाच्या बालकांची नोंद डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठेवली. सोबत पूर्ण वजनाच्या मुलांचा एक गटही घेतला. दोन्ही गटांतील मुलांना ठरावीक वयाला पुन्हा बोलावून तपासले. आईबापांच्या बदल्या होतात, घरे बदलतात. त्यातून मुले शोधून काढून अठराव्या वर्षापर्यंत पाठपुरावा करणे ही सोपी गोष्ट नव्हे.

बाराव्या वर्षी जे आढळले ते असे. लहान जन्मलेल्या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक ८९.५ होता, तर पूर्ण वजनाच्या मुलांचा ९७.२. म्हणजे फरक होता, परंतु सरासरी सामान्य मर्यादेतच होती. जी मुले आधीही जन्मली आणि त्या दिवसांच्या मानानेही लहान होती, त्यांची सरासरी सर्वांत कमी, ८५.४ होती. डोळ्यांनी पाहून हाताने उतरविणे, लिहिण्याचा वेग आणि गणित यांत ही मुले मागे होती.

शाळेत शिक्षक ज्याला 'हुशार आहे पण लिहायला आळशी' म्हणतात, असा मुलगा यांतलाच एखादा असू शकतो, हे पालकांनी आणि शिक्षकांनी ध्यानात घ्यावे. त्याला छडी देऊन उपयोग नसतो. मेंदूतील निरोप पोहोचायला थोडा उशीर लागत असेल, तर त्याला अधिक वेळ आणि वेगळा सराव द्यावा लागतो.

याच मुलांविषयी दुसरा प्रश्न विचारला गेला: त्यांच्या बुद्धीवर जन्माच्या वेळच्या शारीरिक अडचणींचा प्रभाव अधिक, की घरच्या परिस्थितीचा? २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधात आईचे शिक्षण आणि कुटुंबाची स्थिती यांचा प्रभाव ठळक असल्याचे निष्पन्न झाले. ज्या मुलाचा आरंभ डळमळीत, त्याला शिकलेल्या आईचा आधार मिळाला तर ते पुष्कळ अंतर भरून काढते. मुलीला सातवीतून काढून घरकामाला लावणारे घर तिच्या भावी अपत्याच्या बुद्धीतूनच काही वजा करीत असते, असा याचा अर्थ आहे.

पुण्याजवळच्या सहा खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९३ साली सुरू झालेल्या अभ्यासाने याच्याही मागचे पाऊल टाकले. हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध ज्या गर्भवतींच्या आहारात अधिक होते त्यांची मुले चांगली भरली. शेतातले आणि घरातले जड काम ज्यांना उपसावे लागले त्यांची लहान राहिली. गर्भारपणी ज्या आयांच्या रक्तात ब-१२ हे जीवनसत्त्व अगदी कमी होते, त्यांची मुले नवव्या वर्षी अवधान आणि स्मरण यांच्या चाचण्यांत थोडी मागे आढळली.

तराजूच्या दुसऱ्या पारड्यात

इतिहास आपल्याला येथवर आणतो. आरंभाला कमी पडलेले वजन भरून काढण्यासाठी दुसऱ्या पारड्यात काय टाकता येईल, हे विचारणे आता आपल्या हाती आहे.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावच्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकविले. बाळ तोलणे, उबदार पिशवीत गुंडाळणे, आईला पाजायला मदत करणे आणि जंतुसंसर्ग वेळीच ओळखणे, ही कामे त्या घरोघरी जाऊन करू लागल्या. तेथे दहांतील चार बाळे कमी वजनाची जन्मत. तरीही नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटल्याचे १९९९ साली जगापुढे आले. आज आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी येते, त्यामागे ती वाट आहे.

कोलंबियाच्या बोगोटा शहरातील मातृ-बाल संस्थेत पेट्या अपुऱ्या पडत होत्या. तेथे १९७८ च्या सुमारास डॉ. एडगर रे यांनी इवली मुले आईच्याच उराशी, कातडीला कातडी लावून, रात्रंदिवस ठेवण्याचा उपाय सुरू केला. कांगारूच्या पिशवीवरून त्याला 'कांगारू मातृसेवा' हे नाव पडले. गरिबांचा पर्याय म्हणून आरंभ झालेल्या या पद्धतीतील मुलांची वीस वर्षांनंतर तपासणी झाली. ती कमी चंचल, कमी आक्रमक होती, आणि त्यांच्यातील सर्वांत नाजूक मुलांना बुद्धीच्या बाबतीतही लाभ झाल्याचे २०१७ साली नोंदविले गेले. शंभर वर्षांपूर्वी ब्युदँ जे सांगत होते, ते असे फिरून आले.

यात आईला दोष देण्याजोगे काही नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. मूल लहान जन्मले की घरातली कुजबूज तिच्याकडेच वळते: हिने नीट खाल्ले नाही, ही फार धावपळ करी, हिचीच काठी बारीक. जिला सर्वांच्या शेवटी जेवायला बसविले, जिच्या डोक्यावरून आठव्या महिन्यातही हंडा उतरला नाही, तिलाच पुन्हा जाब विचारणे हा अन्याय आहे. हॉलंडमधील आयांना कोणी दोष दिला नाही. दोष अन्न अडविणाऱ्यांचा होता. आपल्या घरात अन्न आणि विश्रांती कोण अडविते, याचा विचार आपणच करावयाचा आहे.

लूकच्या शुभवर्तमानातील एक प्रसंग आपण आगमनकाळात दरवर्षी ऐकतो. एलिझाबेथला सहावा महिना लागल्याचे दूताकडून कळताच पवित्र मरिया डोंगराळ प्रदेशातील तिच्या घरी त्वरेने गेली आणि सुमारे तीन महिने तेथे राहिली. एलिझाबेथ वयस्क होती. घरात यजमान मुका झालेला. ज्या तीन महिन्यांत बाळाचे वजन भरते आणि त्याचा मेंदू वळ्या घेतो, नेमके तेच महिने एका तरुण नातलग मुलीने त्या घरी काढले. आपण त्या प्रसंगाची जपमाळेत आठवण करतो, तिचे भजन गातो. धर्मग्रामातील एखाद्या गर्भवतीच्या दाराशी त्याच महिन्यांत एक हंडा पाणी, एक पेला दूध आणि चार दिवसांची विश्रांती घेऊन आपल्यापैकी कोणी गेले, तर पुढे त्या घरातून येणाऱ्या वार्तेतला आकडा थोडा मोठा असेल. आणि तो लहान आला, तरी त्या मुलाची पाटी भरण्याचे काम तेथूनच पुढे सुरू होते.